वरातीनंतरची वीस मिनिटं

ताहेरभाईंनी पनवेलमध्ये तीस वर्षं लग्नं शूट केली. बाजारात जिन्याखाली त्यांचा गाळा होता. निकाह असो, आगऱ्यांची हळद असो, खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेऊन हजर. सासरी निघालेल्या मुलीला म्हणायचे, "बेटा, रड, पण इकडे तोंड करून रड."

सत्त्याण्णव साली माझं लग्नही त्यांनीच शूट केलं. कॅसेट द्यायला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, वरातीनंतर काही नाही. तिथे बंद करा." पुढे कुठल्याही लग्नात भेटले की विचारायचे, "कॅसेट सांभाळून आहे ना?" मला वाटायचं, माणसाला आपल्या कामाचा अभिमान आहे. मी म्हणायचे, आहे की.

खरं काय ते यंदा कळलं, तेही माझ्या मुलीकडून. सई बर्लिनला असते. डोंगराकडच्या कातकरी वाडीवर तिने एक फिल्म केली होती. सत्त्याण्णव साली ती वाडी उठवताना तीन माणसं गेली, कागदोपत्री दरड कोसळून. गोळीबार झाला, असं वाडीतली चिंगी त्या फिल्ममध्ये सांगते. फिल्मवर बंदी आली, सईवर गुन्हा दाखल झाला. ती तेव्हा शिकायला तिकडे होती, ती तिकडेच राहिली. चार वर्षं झाली. उतरली की विमानतळावरच धरतील. दर महिन्याला पोलिसांचा फोन येतो, "मुलगी कधी येणार?" मी म्हणते, येईल लवकरच.

आता ती दुसरी फिल्म करतेय. त्यासाठी ती फोनवर ताहेरभाईंशी बोलली, आणि इतकी वर्षं कोणाला न सांगितलेलं त्यांनी तिला सांगितलं. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते त्या वाडीजवळून येत होते. कॅमेऱ्यात माझीच कॅसेट होती, वीस मिनिटं शिल्लक. त्यांनी सगळं टिपलं. चार दिवसांनी साध्या कपड्यातली माणसं येऊन कॅमेरा आणि फळीवरच्या सगळ्या कॅसेटी घेऊन गेली. माझी तोवर माझ्या कपाटात पोचली होती.

मी कॅसेट घेऊन गाळ्यावर गेले. त्यांनी जुना व्हीसीआर लावला.

"लग्नाची कॅसेट शेवटपर्यंत कोण बघतं, वहिनी? पंगत उठली की लोक टीव्ही बंद करतात. मी ती तुमच्याकडे ठेवली ती याच भरवशावर," ते हसत म्हणाले.

वरात संपली आणि पडद्यावर सईचा पहिला वाढदिवस आला. फुगे, केक, तिच्या नाकाला लागलेलं क्रीम.

ताहेरभाईंचं हसू गेलं. त्यांनी कॅसेट बाहेर काढून तिची कड पाहिली. तिथलं प्लास्टिकचं पातं मोडलं की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. त्यांनी ते मोडूनच कॅसेट दिली होती. माझ्या दिराने, शैलेशभावोजींनी, वाढदिवस भरण्यासाठी तिथे चिकटपट्टी लावली होती. "वरातीनंतर काही नाही, नवी कॅसेट कशाला?" हे मीच त्यांना म्हटलं होतं.

"तुम्हीच म्हणालात, पुढे काही नाही," मी म्हणाले.

"हो. मीच म्हणालो." त्यांनी कॅसेट परत आत सरकवली.

वाढदिवस संपला. पडदा थरथरला आणि उरलेलं दिसलं, चाळीस सेकंद. धूळ, आडवा पडलेला एक माणूस, त्याच्या उशाशी तरुण चिंगी. ती सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणते, "दरड नाय पडली. गोळी घातली. आमी बगितली."

ताहेरभाई म्हणाले, "चाळीस तर चाळीस. पाठवा."

पाठवलं नसतं तर कोणाला कळणार होतं? वाढदिवसच सापडला, एवढं सांगितलं असतं तर कदाचित प्रकरण थंड पडलं असतं आणि सई घरी आली असती. दोन दिवस मी हाच विचार केला. चिंगी अजून जिवंत आहे. ती आता वीटभट्टीवर कामाला जाते.

तिसऱ्या दिवशी ताहेरभाईंनी चाळीस सेकंद कॉम्प्युटरवर उतरवून दिले. मी पाठवले. सईचा निरोप आला, "आई, वाढदिवसही पाठव. कसं पुसलं गेलं ते दाखवायचंय."

"त्यात मी दिसते," मी लिहिलं.

"हो, आई."

तेही पाठवलं. या महिन्याचा फोन काल आला. "मुलगी कधी येणार?"

मी म्हणाले, "आता नाही येणार."