पुरुष एकेरी, ब्रह्मपुरी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. मुरमावर खेळलं की खडे जसे आपोआप बुटात शिरतात, तसेच तेही शिरतात. घरी येऊन बूट झटकावे तेव्हा कळतं, अरे, इतके जमले! ब्रह्मपुरीच्या आमच्या टेनिस कोर्टाचे किस्से असेच आहेत. टोकियोला आशियाई खेळ भरणार होते आणि त्यांत पहिल्यांदाच टेनिस येणार होतं, तो हा उन्हाळा. मी नुकताच डेहराडूनचं शिक्षण संपवून गावी परतलो होतो, शाळेत मास्तर झालो होतो. देश घडवायला कुठून तरी सुरुवात करायची, म्हणून शाळेमागच्या पडीक जागेपासून केली!

लहानपणचे मित्र हसले. "मास्तर, लोकायले विहीर पाहिजे, अन् तू मैदान देऊन राह्यला!"

"विहीरही होईल," मी म्हणालो. "पण साहेब आणि शिपाई एकाच खेळात समोरासमोर उभे राहतील, अशी एक तरी जागा गावात हवी."

रॅकेट दोनच होत्या. एक माझी, दुसरी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांची. डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, पन्नाशीतले, एकटेच राहणारे. पहिल्या दिवशी ते टोपलं घेऊन मुरूम टाकायला आले, तेव्हा अर्ध्या गावाने त्यांच्या हातातून टोपलं ओढून घेतलं.

"अहो, टाकू द्या ना मला!" ते म्हणत राहिले. कोणी टाकू दिलं नाही.

*

नेट हवं होतं. वैनगंगेवर मासे धरणारा गणपत ढिवर जाळी विणायचा, म्हणून त्याच्याकडे गेलो.

"मासा केवढा?" गणपतने विचारलं.

"मासा नाही, चेंडू आहे."

"तेच तं इचारून राह्यलो. केवढा?"

मी मूठ दाखवली. चार-सहा दिवसांत गणपतने देखणं जाळं आणलं. खाली वजनं बांधली, मधे छान पोट सोडलं. डॉक्टरसाहेबांनी पहिली सर्व्हिस मारली. चेंडू जाळ्यात शिरला, गुंडाळला गेला आणि तिथेच लटकत राहिला.

"फसला!" गणपत ओरडला. "अरे, माह्या जाळ्यातून रोहू नाई सुटत, हे तं रबर हाये!"

त्याचा आवाज नदीच्या या काठावरून त्या काठाला जायचा. आम्ही त्याला तिथल्या तिथे पंच नेमला.

*

माझ्या रॅकेटची तार तुटली. नवी तार नागपूरला मिळणार, आणि तीही नशीब असेल तर. करीमभाई पिंजारी कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर घेऊन शाळेवरून चालले होते. त्यांनी रॅकेट हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "ही तं तांतच हाये. माह्या धनुकलीले लागते तेच."

त्यांनी रॅकेट अशी ताणून विणली की चेंडू लागला की टणणण् असा नाद यायचा. ट्राय म्हणून त्यांनीच दोन फटके मारले, आणि आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं की जन्मभर कापूस पिंजून करीमभाईंचा हात लोखंडाचा झालाय. त्या दिवसापासून आमचे नंबर वन खेळाडू तेच!

अडचण एवढीच झाली. करीमभाईंनी सर्व्हिस केली की आवाज ऐकून मोहल्ल्यातल्या बाया जुन्या गाद्या घेऊन कोर्टावर यायच्या.

*

टोकियोसोबत आपणही स्पर्धा घ्यायची, असं मी ठरवलं. शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'पुरुष एकेरी. सर्वांना खुली.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच धोतराचा सोगा सावरत एक म्हातारा शेतकरी हजर.

"मास्तर, माहं नाव टाका."

"टेनिस येतं का, बाबा?"

"नाई येत. पण सर्वांले एकेरी खुली, असं लेहलं ना तुमी? मंग मले एक डाव पटवाऱ्याले 'तू' म्हनाचं हाये!"

मी पोट धरून हसलो. मग रात्रभर विचार केला. चूक त्याची नव्हती, आमची होती. इतका चांगला शब्द हाताशी असून तो आम्हाला ऐकूच आला नव्हता! सकाळी फळ्यावर नियम वाढवला: कोर्टाच्या रेषेच्या आत सगळे एकमेकांना एकेरीतच हाक मारतील. साहेब नाही, राव नाही, जी नाही.

*

नायब तहसीलदारांना नियम आवडला नाही. पण डॉक्टरसाहेब खेळतात म्हणून तेही आले. पंच गणपत. आयुष्यात नायबसाहेबांसमोर तो कधी खाटेवरसुद्धा बसला नव्हता, आणि आता उंच स्टुलावर! गणपत घामाने निथळला. पण नियम तो नियम.

"नायबसाहेब," तो हात जोडून गरजला, "तू सर्व्हिस करा!"

नायबसाहेबांनी केली. जाळ्यात.

"साहेब, तू हरले जी!"

*

एका सकाळी कोर्टावर गेलो तर कोर्टच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत तेंदूपत्त्याचे पुडके ओळीने वाळत घातलेले. ठेकेदाराचा मुनीम जाळ्याच्या सावलीत विडी ओढत बसला होता.

"हे काय केलंत?"

"काऊन? येवढी साफ जागा पाह्यली. म्या म्हटलं, सरकारनं शेवटी आमची सोय केली!"

*

टोकियोचे खेळ सुरू झाले. बाजारात सेठजींच्या दुकानात बॅटरीवरचा रेडिओ होता. आम्ही सगळे ओट्यावर. हॉकी झाली, धावणं झालं, पोहणं झालं. आणि रेडिओवरची बाई म्हणाली, "टेनिस, पुरुष एकेरी..." तेवढ्यात खरखर सुरू झाली. सूंऽऽ, शूंऽऽ. बराच वेळ तेच.

करीमभाई कान लावून बसले होते. गंभीरपणे म्हणाले, "पाऊस पडून राह्यला तिकडं. मॅच रद्द."

नायबसाहेबांना वेगळीच शंका. "जपान्यांत मानपान फार, म्हणतात. समोरासमोर आले की वाकतात. हा वाकला की तो वाकणार, तो वाकला की हा. मग सर्व्हिस कोण करणार?"

सगळे हसले. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. रेडिओकडे बघत ते म्हणाले, "कोर्टावर नसतील हो वाकत."

*

आता डॉक्टरसाहेबांचं सांगायलाच हवं. आमचा नियम सगळ्यांना लागू पडला, फक्त त्यांना पडला नाही. नायबसाहेबांना 'तू' म्हणणारे गावात पाच-सहा जण झाले. पटवाऱ्याला तर म्हातारा रोज म्हणून जायचा, खेळत नसतानाही! पण डॉक्टर समोर आले की सगळ्यांची जीभ टाळूला चिकटायची. करीमभाई म्हणाले, "माही पोरगी त्यायच्या हातानं वाचली, मास्तर. त्यायले तू म्हनलो तं जीभ झडन माही."

पावसाळ्याआधी डॉक्टरांची बदली चांद्याला व्हायची होती. सामान बांधायला मदत करू म्हणून मी गेलो. सामान कसलं, दोन ट्रंका.

"मास्तर, तुमचा नियम मला फार आवडला हो," ते म्हणाले. "मी अहेरीला होतो. तिथे जंगलात माडिया लोक. त्यांच्यात कोणालाच तुम्ही म्हणत नाहीत. कलेक्टर येवो नाहीतर देव येवो. 'डागतर, तू जेवला का? डागतर, तू काल काऊन नाही आला?' भांडायचेसुद्धा! माझी आई गेली त्यानंतर मला कोणी तसं विचारलं नव्हतं. तिथून बदली झाली आणि मी पुन्हा साहेब झालो. आरमोरीला साहेब, सिंदेवाहीला साहेब, इथे साहेब."

"पण तुम्ही तरी सगळ्यांना तू म्हणा ना," मी म्हणालो.

"म्हणून पाहिलं. लोक खुशीने 'जी साहेब' म्हणतात. एकाच बाजूने तू म्हटलं की तो हुकूम होतो हो." ट्रंकेची कडी लावत ते म्हणाले, "इथून जाण्यापूर्वी एकाने म्हणावं. एकदा."

मी देश घडवायला निघालेला माणूस! घरी जाऊन आंब्याच्या झाडासमोर उभा राहिलो आणि सराव केला. डॉक्टर, तू ये. डॉक्टर, तू बस. झाडाला मला छान 'तू' म्हणता आलं. दुसऱ्या दिवशी ते कोर्टावर आले. मी छाती भरून श्वास घेतला.

"डॉक्टर, तू..."

त्यांचा चेहरा उजळला.

"...म्ही कधी आलात?"

*

नागपूरचा पेपर नागभीडवरून छोट्या गाडीने यायचा, तोही शिळा होऊन. त्यातून कळलं की टोकियोला पुरुष एकेरीच्या फायनलला दोघंही फिलिपाइन्सचेच होते. आपलं कोणी नाही म्हणून आम्ही हळहळलो. डॉक्टरसाहेबांनी पेपर मागून घेतला, ती एक ओळ पुन्हा वाचली.

"दोघं एकाच गावाकडचे म्हणायचे," ते म्हणाले. "म्हणजे ते एकमेकांना तूच म्हणत असतील, नाही?"



*

आमची फायनल डॉक्टरसाहेब आणि करीमभाई यांच्यात. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने डॉक्टर चांद्याला जाणार होते. ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून उजाडताच सुरुवात केली. सगळं गाव जमलं होतं, झाडावरसुद्धा माणसं.

करीमभाई ताकदीने खेळत होते, डॉक्टर डोक्याने. बरोबरी चालली होती. तेवढ्यात करीमभाईंचा एक चेंडू रेषेबाहेर हातभर पडला.

"आउट!" गणपत ओरडला.

"नाही, नाही," डॉक्टर म्हणाले, "आत होता. करीमभाईंचा पॉइंट."

पुढचाही बाहेर. "आतच होता हो," डॉक्टर म्हणाले. "करीमभाईंचाच."

करीमभाईंचा चेहरा लाल होत गेला. त्यांनी मुद्दामच की काय, पुढचा चेंडू असा मारला की तो थेट शाळेच्या कौलांवर जाऊन पडला. गणपतने तोंड उघडलं. त्याच्या आधी डॉक्टर म्हणाले, "आत—"

रॅकेट मुरमावर आदळली. करीम पिंजारी धावतच नेटपाशी आला.

"काऊन खोटं बोलून राह्यला बे, डॉक्टर? मी का भिकारी हावो, मले तू भीक देऊन राह्यला? खेळाचं असन तं नीट खेळ, नाई तं जाय आपल्या घरी!"

झाडावरची माणसंसुद्धा हालली नाहीत. नायबसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मग आपण काय बोललो ते करीमभाईंच्या लक्षात आलं. दोन्ही हात कानांकडे गेले.

"साहेब... माफ करा, साहेब..."

डॉक्टरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. सावकाश चालत नेटपाशी आले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पण पुन्हा डोळ्यांवर लावला नाही. दोन्ही हात नेटवर टेकून पलीकडे वाकले.

"थांबलास का? भांड ना, करीम. अजून थोडं भांड."