वहीची सतरावी चाल

नळदुर्गच्या एका कचेरीत मी नक्कलनवीस होतो. समोरच्या कागदावर जे असेल ते दुसऱ्या कागदावर उतरवायचं, मुळात चूक असली तर चुकीसकट, एवढंच माझं काम. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. जुने कागद उर्दूत, नवे मराठीत, आणि मला दोन्ही येत. शेजारी राहणाऱ्या गणिताच्या मास्तरांनी मला निवडलं ते माझ्या या कामामुळंच.

"मुन्शीजी, तुम्ही कागदात स्वतःचं काही घालत नाही," ते म्हणाले. "मला असाच माणूस पाहिजे."

परदेशात यंत्राला बुद्धिबळ शिकवतायत असं त्यांनी एका उर्दू मासिकात वाचलं होतं. यंत्र कुठून आणायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. यंत्र म्हणजे काय, तर नियम आणि ते मुकाट पाळणारा. नियम त्यांनी एका वहीत लिहिले. प्याद्याला एक गुण, घोड्याला आणि उंटाला तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ. प्रत्येक शक्य चालीनं काय मिळतं, काय जातं, याची पाटीवर बेरीज करायची आणि जास्तीत जास्त गुणांची चाल खेळायची. पाळणारा मी.

परीक्षा घ्यायला अणदूरचे एक अण्णा होते. भुसार दुकान, कपाळाला विभूती, गिऱ्हाइकाशी निम्मं कानडी. त्या भागात त्यांना हरवणारं कुणी नव्हतं. दर रविवारी दुपारी आम्ही बसनं जायचो आणि ज्वारीच्या पोत्यांमध्ये पट मांडायचो. माझी बेरीज होईपर्यंत अण्णा दोन गिऱ्हाइकं वाटेला लावायचे.

आमच्याकडं पटाभोवती चार माणसं जमली की चारही जण खेळतात. मास्तरांनी ते बंद केलं. कुणी बोलायचं नाही, आणि ते स्वतःही रस्त्यापलीकडं लिंबाखाली पाठ करून बसायचे. "मी समोर असलो तर माझ्या तोंडावरून मुन्शीजींना कळंल," ते म्हणायचे. "मग ती परीक्षा कशाची? इन्साफ पाहिजे."

वही दर रविवारी हरायची. मास्तरांना त्याचं काही नसायचं. कुठं हरली ते पाहून परतीच्या बसमध्ये ते नवा नियम सांगायचे, मी लिहायचो. चांगले दिवस होते ते. वाईट वाटायचं ते मला. कारण अण्णा वहीला काही बोलायचे नाहीत, मला बोलायचे.

"मुन्शी, तुमच्या यंत्राला आज ताप हाय काय?"

"यंत्राला च्या पाजा रं कुणीतरी. झोपलंय."

पोत्यांवर बसलेले लोक हसायचे. मला बुद्धिबळ बरं येत होतं, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

एका रविवारी सतराव्या चालीला अण्णांनी एक प्यादं मोकळं सोडलं. मी बेरीज केली. घोड्यानं प्यादं मारा, वही म्हणत होती. पण घोडा तिथं गेला की परत येत नव्हता. ते आमिष होतं. अण्णा गालात हसत म्हणाले, "खातंय बघा आता. फुकटचं दिसलं की राहवत न्हाय त्याला."

मी घोड्याकडं नेलेला हात मागं घेतला आणि उंट तिरका सरकवला.

अण्णा हसायचे थांबले. चार चालींत त्यांचा वजीर गेला, नंतर डाव. त्यांनी पटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "वहीला अक्कल आली म्हणायची." मास्तर रस्ता ओलांडून जवळजवळ पळतच आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आपण जिंकलो, मुन्शीजी." मी सोंगट्या गोळा करू लागलो. नक्कलनविसाला गप्प बसायची सवय असते.

हैदराबादच्या एका प्राध्यापकांना पाठवायला मास्तर तो डाव नियमांवरून पुन्हा तपासू लागले. सोळा चाली जुळल्या. सतरावी जुळेना. नियम प्यादं मारा म्हणत होते, मी उतरवलेल्या डावाच्या कागदावर उंट होता. माझ्यावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आपलीच बेरीज चुकते असं धरून त्यांनी नियम वाकवले, नवे घातले, चांगले होते ते खोडले. ते सगळं मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. सहा महिन्यांत वही नवशिक्याकडूनही हरू लागली.

एके दिवशी मास्तरांनी ती फडक्यात बांधली. "माझं गणितच कच्चं आहे, मुन्शीजी. शाळेत पोरांना काय तोंडानं शिकवू?"

तेव्हा मी सांगितलं. ऐकताना ते माझ्याकडं बघत नव्हते, पाटीकडं बघत होते.

"म्हंजे बेरीज बरोबर होती?"

"बरोबर होती."

"सतरावीसुद्धा?"

"सतरावीसुद्धा. चूक माझी."

त्यांनी फडकं सोडलं. रागावले असतील, पण मला पहिल्यांदा दिसली ती त्यांच्या चेहऱ्यावर उतरलेली स्वस्थता. मग म्हणाले, "अण्णांना सांगायला पाहिजे. ते वहीकडून हरलेले नाहीत."

रविवारी आम्ही अणदूरला गेलो. अण्णांनी ऐकून घेतलं, तराजू खाली ठेवला. "मला तवाच कळलं हुतं. ते प्यादं वहीनं सोडलं नसतं. पर मास्तर एवढे खूश झालेले, म्हणलं, ऱ्हाऊ द्या." मग माझ्याकडं वळून, "तुमी चांगलं खेळता की, मुन्शी. वहीमागं कशाला लपता?"

जुन्या नियमांची प्रत माझ्याकडं होती. सतराव्या चालीपासून पट मांडला. मास्तर लिंबाखाली गेले, पाठ करून बसले. पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवून. मी घोड्यानं प्यादं मारलं. घोडा अडकला, पुढं हत्ती गेला, आणि वही व्यवस्थित हरली.

मास्तरांनी जुन्या डावाचा कागद माझ्यापुढं केला. सतराव्या चालीखाली मी लिहिलं, ही चाल वहीची नाही, माझी आहे. आणि सही केली. कचेरीत हजारो कागद लिहिले, पण स्वतःचं असं ते एकच वाक्य. प्राध्यापकांकडं तो कागद तसाच गेला. घरी मात्र मी हे कधी बोललो नाही. पन्नाशी ओलांडल्यावर आज लिहितोय.

त्या रविवारी परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीशी बसून बोटं मोजत होते. "घोड्याला परत निघायला वाट आहे का, हे वहीनं आधी बघायला पाहिजे होतं. नाही का, मुन्शीजी?"

तो नियम कसा असावा, मला सुचलं होतं. मी वही मांडीवर उघडली आणि पेन्सिल हातात घेतली.

"तुम्ही सांगा," मी म्हणालो. "मी लिहितो."