उदक जाय

आमचा मुलगा बोलायला लागला तो कसब्यातल्या तांबटीणबाईंमुळे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं सगळा माझ्याच फजितीचा पसारा आहे आणि त्यात त्यांचं श्रेय झाकलं जाईल अशी मला भीती वाटते. माझं शिक्षण धूळपाटीवरच्या बाराखडीपर्यंतच. वडील गेले, पंतोजींची शाळा तिथंच सुटली. तेव्हा चुकेल तिथं सांभाळून घ्यावं.

मी गोव्याच्या वेशीजवळचा, समुद्रकाठचा. पोटासाठी पुण्यात आलो आणि ब्राह्मण असल्यानं एका सरदारांच्या मुदपाकखान्यात पाणक्या म्हणून राहिलो. कात्रजच्या तळ्याचं पाणी नळानं शहरातल्या हौदांत येतं. ते घागरीनं भरून वाड्यावर पोचवायचं, दिवसभर, एवढंच काम. पहिल्या दिवशी भरली घागर खांद्यावर घेऊन मी आचाऱ्यांना विचारलं, "उदक खंय दवरूं?" पाणी कुठं ठेवू, एवढंच विचारलं होतं. आमच्या मुलखात पाण्याला उदकच म्हणतात. आचारी आमटीवरची नजर न काढता म्हणाले, "उदक? आज श्राद्ध कुणाचं आहे?"

सगळा मुदपाकखाना हसला. इथं उदक पितरांना देतात, नाहीतर दानावर सोडतात. प्यायचं ते पाणी.

ते हसू माझ्या कानातून गेलं नाही. पुढं लग्न झालं, बायको गावाहून आली, मुलगा झाला. मी तिला बजावलं, "गावची बोली ह्याच्या कानावर पडता कामा नये. पुण्यात जन्मलाय, पुण्यासारखं बोलू दे." ती बरं म्हणाली. तेही मी सुधारलं, कारण तिनं ते नाकात म्हटलं होतं.

मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. बोट दाखवायचा, हूं हूं करायचा, आणि मधूनच 'ऊदा' असा काहीतरी आवाज काढायचा. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी घरातल्या भांडणांची नक्कल करून दाखवायची. ती बोलायला लागली की मी उठून आत जायचो.

करायचं ते सगळं केलं. वेखंड उगाळून जिभेवर लावलं, मध चाटवला. पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला की मूल बोलतं असं कुणी सांगितलं, म्हणून एका बागेत माळ्याच्या शिव्या खाऊन तसा पेरू आणला. पोरानं एक चावा घेतला आणि थुंकून टाकला. मुका निघाला तर ह्याचं काय होणार, ह्याला कोण शिकवणार, हा विचार घागरीबरोबर दिवसभर माझ्या खांद्यावर असायचा. निदान मला बाराखडी तरी मिळाली होती.

रोज दुपारी त्याला पुढ्यात बसवायचो. फुलपात्र समोर धरायचो.

"म्हण, पाणी."

"ऊदा."

"ऊदा नाही. पा. णी."

"ऊदा."

फुलपात्र मी वर उचलायचो. तो रडायचा. मग मला स्वतःचाच इतका संताप यायचा की पाणी त्याच्यापुढं आदळून मी बाहेर निघून जायचो.

एके दिवशी घागर बुडाशी गळायला लागली. बायको तापानं निजून होती, म्हणून पोराला कडेवर घेऊनच तांबट आळीत गेलो. तिथं नवऱ्यामागं मुलांच्या बरोबरीनं हातोडा चालवणाऱ्या एक तांबटीणबाई होत्या. चहूबाजूंनी ठोक्यांचा कल्लोळ. पोरानं घागरीकडं हात केला, "ऊदा."

"पाणी म्हण," मी म्हणालो. पुन्हा ऊदा. "पाणी म्हण, पाणी."

बाईंनी हातोडा थांबवला. "अहो भटजी, तो काहीतरी मागतोय."

"त्याला बोलता येत नाही, बाई."

"त्याला येतंय. तुम्हाला ऐकता येत नाही. ह्या आळीत कानांचा काही उपयोग नाही, आम्ही ओठ बघूनच बोलणं ओळखतो. दोन्ही वेळा ओठ अगदी तसेच हलले त्याचे. तुमच्या मुलखात पाण्याला काय म्हणतात?"

मी आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणालो, "उदक."

"आणि पाहिजे असलं की?"

"जाय. उदक जाय."

"मग ऊदा म्हणजे तेच की. लेकरू नीट मागतंय." त्या हसल्या. "आमच्याकडं जाय म्हटलं की माणूस उठून जातो. तुमच्याकडं पाणी मिळतं वाटतं. द्या की मग."

मी जवळच्या तांब्यातलं पाणी त्याला पाजलं. ते संपवून त्यानं माझ्याकडं बघत पुन्हा म्हटलं, "ऊदा."

घरी येऊन बायकोला विचारलं, हे ह्याला कुणी शिकवलं. ती कूस वळवून म्हणाली, "तुमी घरांत नासतना हांव ताका तितलेंच विचारतां. हेर कांय उलयना." मी घरात नसताना ती त्याला पाणी हवं का, एवढंच विचारायची. बाकी काही बोलायचीच नाही. पुणेरी बोलावं तर चुकतं, आणि चुकलं की मी टोकतो. म्हणजे अडीच वर्षं आमच्या घरात पोराशी कुणी बोलतच नव्हतं. पेरू मात्र मी शोधत फिरलो.

"आजपासून बोल," मी म्हणालो. आमच्या बोलीत म्हणालो.

तेवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. जीभ त्याची खरोखरच जड होती. बाईंनी त्याला रोज आणायला सांगितलं. पोचा आलेलं एक झाकण आणि लाकडी मोगरी त्याच्या हातात दिली. एक ठोका, एक अक्षर. उ, द, क. काही दिवस तो नुसताच ठोकत बसायचा. मी चिडायचो. एकदा म्हणालोच, "आठ दिवस झाले, बाई."

"एका ठोक्यात घागर झाली असती," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तर आमची आळी केव्हाच गप्प बसली असती."

आता तो बोलतो. 'क'चा 'त' करतो, 'ज'चा 'द'. परवा मुदपाकखान्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "उदत दाय." आचाऱ्यांनी विचारलं, "काय म्हणतोय हा?" मी म्हणालो, "उदक मागतोय. आमच्याकडं रोज पितात."

बाईंनी समुद्र पाहिलेला नाही. एवढं पाणी आणि पिता येत नाही, हे त्यांना पटत नाही. "थापा मारता," म्हणतात. मी त्यांना सांगून ठेवलंय, एक दिवस घाट उतरून तुम्हाला आमच्या किनाऱ्यावर नेईन. कधी जमेल ठाऊक नाही, वाड्यावरून चार दिवसांचीही रजा मिळायची मारामार. पण नेणार आहे. तिथं मी काही बोलणार नाही. कशाला काय म्हणतात ते त्यांना माझा मुलगा सांगेल.