आधी कपची

ओळंब्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. साइटवर जायला तेव्हा बराच अवकाश असे. पण उजाडल्यानंतरचा वेळ भिंतींचा आणि उजाडण्याआधीचा दगडांचा, अशी त्याने वाटणीच करून टाकली होती.

हे दगड गेममधले. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा तिचा जुना, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घरीच राहिला. त्यात नाना जातींचे अजस्र प्राणी होते. आगीचे, पाण्याचे, विजेचे, विषाचे, झाडापाल्याचे, दगडाचे. अंडी उबवून पिल्लं काढायची, वाढवायची, डावपेच शिकवायचे आणि सहांची टीम करून दुसऱ्याच्या सहांशी झुंजवायची. मैदानात एका वेळी एकच. ज्याचे सहाही लोळले तो हरला.

ओळंबा गवंडी होता. दिसेल त्या भिंतीला वजनाची दोरी, म्हणजे ओळंबा, लावून ती सरळ आहे का बघायची त्याची खोड, म्हणून हे नाव. ‘हा जेवणाचा डबासुद्धा लेव्हलमध्ये ठेवतो,’ असं रंगारी म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

साइटवर दुपारच्या सुट्टीत चौघं खेळत. वायरमनने सुरुवात केली होती, तीही विजेच्या प्राण्यांनी. ते बघून प्लंबरने सगळे पाण्याचे घेतले. रंगाऱ्याने विष घेतलं. ‘वासाचा मक्ता आपलाच,’ म्हणाला. मग नियमच झाला, की ज्याने त्याने आपल्या धंद्याची जात घ्यायची, सहाही त्याच जातीचे, भेसळ नाही. गवंड्याला दगड आले. आणि पाण्यापुढे दगड टिकत नाही, हा त्या गेमचा कायदा. त्यामुळे ओळंबा वायरमनला अधूनमधून हरवायचा, रंगाऱ्याला बहुतेकदा हरवायचा आणि प्लंबरकडून न चुकता मार खायचा.

पण मेहनतीत त्याने कसर ठेवली नाही. वायरमन कुणाकडून तरी तयार, शिकवलेले प्राणी अदलाबदलीत आणायचा. ओळंब्याला ते पटत नसे. बाहेरून आणलेला चिरा आपल्या भिंतीत तसाच बसत नाही, तो घडवावा लागतो, असं त्याचं म्हणणं. त्याने सहाही अंड्यातून वाढवले. थोराड आणि मंद, त्याचं नाव चिरा. मग उंबरा, गोटा, खडी. पाचवी पायरी. तिच्या जातीत क्वचित एखादं पिल्लू असं निघे की अंगावर पाणी आलं तर ते पिऊन उलट बळकट व्हायचं. तसं एक मिळावं म्हणून त्याने कित्येक पहाटा अंडी उबवण्यात घालवल्या, तेव्हा ही निघाली. सहावी कपची. चिमुकली, चपळ, एका फटक्यात गार होणारी. तिला एकच काम यायचं. समोरच्याच्या मैदानात टोकदार खडे पसरायचे. मग तिकडून जो जो नवा प्राणी उतरेल, त्याच्या पायाला ते टोचत आणि त्याचं बळ कमी होई. टीममध्ये तिची जागा ओळंब्याने शेवटची ठेवली होती.

इमारत संपत आली. गिलावा होत आला होता, नळ बसत होते. एका दुपारी प्लंबरने डबा बंद केला आणि ओळंब्याला म्हणाला, “शेवटच्या दिवशी एक फायनल होऊन जाऊ दे. हरेल त्याने आपले सहाही प्राणी सोडून द्यायचे. कायमचे. आणि जिंकणाऱ्याची जात घ्यायची.”

“म्हणजे मी पाणी घ्यायचं?”

“घ्यायचं काय, तुला आवडेल बघ! आंघोळ तरी होईल.”

रंगारी खो खो हसला. ओळंबा इरेला पेटला. “चालेल,” म्हणाला, आणि घरी जाईपर्यंत पस्तावला. सोडलेला प्राणी परत मिळत नसे. पायरीसारखी दुसरी पायरी मिळायला पुन्हा किती पहाटा लागतील, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याची बायको गणवेश शिवण्याच्या कारखान्यात शिवणकाम करायची. पहाटेचा चहा ती करायची आणि कप हातात घेऊन त्याच्या बाजूला बसायची. गेमला ती हात लावत नसे, पण बघायची सगळं. त्या आठवड्यात ओळंबा प्लंबरबरोबरच्या जुन्या झुंजी पुन्हा लावून बघत होता. प्रत्येक झुंजीत तेच. चिरा उतरायचा, प्लंबरचा ‘हौद’ नावाचा अवाढव्य प्राणी पाण्याचा लोंढा सोडायचा, चिरा आडवा. मागोमाग बाकीचे. पायरी येईपर्यंत मागे फक्त कपची उरलेली असायची. आणि प्लंबर काही बावळट नव्हता. पायरी पाणी पिते हे त्याला माहीत होतं. तिच्यासाठी त्याने ‘गळती’ नावाची नाजूक मासोळी राखून ठेवली होती. ती पाण्याऐवजी बर्फ मारायची.

“अहो, हा जाडा दरवेळी पहिला का जातो?” बायकोने विचारलं.

“पाया आहे तो. पाया आधी घालतात.”

“आणि दरवेळी पायाच वाहून जातो.”

ओळंब्याने पुढची झुंज लावली.

“बरं, पाया भरला. मग वर चढायच्या आधी काय उभं करता?”

“परांची.”

“ती भिंतीत ठेवून देता?”

“वेडी आहेस का? काम झालं की उतरवायची.”

“मग ही बारकी कशाला शेवटपर्यंत जपून ठेवलीय? लग्नात मिरवायचीय तिला?”

ओळंब्याने कप खाली ठेवला. मग गेम खाली ठेवला. मग बायकोकडे असं बघितलं, की ती म्हणाली, “चहा गार होतोय.”

मोठमोठ्या चिऱ्यांच्या भिंतीत फटी राहतात, त्यात गवंडी कपच्या ठोकतो. कपची नसेल तर चिरा हलतो. हे तो उभा जन्म करत आला होता, आणि गेममध्ये मात्र वजन बघून रांग लावून बसला होता. त्या पहाटेपासून त्याने रांग मोडली आणि नव्याने लावली. कोणामागे कोण, कोणाची उणीव कोण झाकणार. विटांच्या एका थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नसतो, तसंच. एकाच जातीची टीम म्हणजे सगळ्यांना एकच रोग. म्हणून एकामागून एक सारखेच दोघं येऊ द्यायचे नाहीत.

शेवटच्या दिवशी जेवणं आटोपली. नव्या गिलाव्याचा ओलसर वास सुटला होता. चौघं उलट्या घमेल्यांवर बसले. प्लंबरने हौद उतरवला. ओळंब्याने कपची.

“अरेरे,” प्लंबर म्हणाला, “आत्ताच रडायला लागलास?”

हौदाने लोंढा सोडायच्या आधी चपळ कपचीने खडे पसरले. मग लोंढा आला आणि कपची गेली. ओळंब्याच्या तोंडावरची रेष हलली नाही. त्याने पायरी उतरवली. सवयीने प्लंबरच्या बोटाने पुन्हा लोंढाच दाबला. पायरी घटाघटा प्यायली, फुगली आणि तिच्या फटक्याने हौद गुडघ्यावर आला.

“थांब तुझ्या!” प्लंबरने हौद मागे घेऊन गळतीला पाठवलं. खडे टोचले. नाजूक मासोळी उतरताच लंगडी झाली, आणि तिने बर्फ मारला खरा, पण तेवढ्या बळाने पायरी पडली नाही. पायरीने तिला लोळवलं. पुढचे दोघं खड्यांवरून आले आणि आल्या पावली गेले. मग पायरी पडली. उंबरा, गोटा, खडी एकेक करून कामी आले, पण जाताना त्यांनी आणखी दोघांना नेलं.

उरले दोघं. इकडे चिरा, ताजातवाना. तिकडे हौद, अर्धमेला, आता खड्यांवरून परत आलेला. चिरा मंद, म्हणून हौदाचा लोंढा आधी. रंगाऱ्याने तोंडावर हात धरला. दमलेल्या हौदाच्या लोंढ्यात दम उरला नव्हता. चिरा डगमगला, उभा राहिला, आणि सावकाश, गवंड्याच्या सवडीने, हौदावर बसला.

वायरमनने घमेलं बडवायला घेतलं. वरच्या मजल्यावरची माणसं काय पडलं म्हणून धावत आली.

“हरलो,” प्लंबर म्हणाला. “सोडतो. आधी हौदच सोडतो.” त्याचं बोट मात्र हलेना.

“अरे, घे तो हात मागे,” ओळंबा म्हणाला. “पाणी सोडून दिलंस तर मी सिमेंट कशात कालवू?”

“पैज ती पैज.”

“मग माल कालव. संध्याकाळपर्यंत. गुठळी दिसली तर परत कालवायचा.”

प्लंबरने खरंच कालवला. ओळंब्याने दोनदा परत पाठवला. दुसऱ्यांदा गुठळी नव्हती, असं रंगारी आजही शपथेवर सांगतो.

काम संपलं, शेवटचा पगार हातात पडला. ओळंबा सरळ दुकानात गेला आणि आपल्याकडच्यासारखाच एक गेम घेऊन आला. नवा, खोक्यातला. बायकोने खोकं उघडलं, उलटंसुलटं करून पाहिलं. “मला कशाला?” म्हणाली, आणि तेवढ्यात चालूही केला.

“कुठली जात घेणार? सुई-दोऱ्याची नाही त्यात.”

“झाडांची,” ती म्हणाली.

झाडांपुढेही दगड टिकत नाही, हा त्या गेमचा दुसरा कायदा. भिंतीच्या फटीत एखादं रोप रुजलं की पुढे काय होतं, हे गवंड्याला सांगावं लागत नाही. आता त्या घरात साडेचारला दोघंही खेळायला बसतात, आणि चहा जो हरेल तो करतो. सध्या चहा ओळंबाच करतो.