न मागता लावलेली कडी

तुमच्या नावाचं पाकीट तुमच्या आधी कुणी फोडलं, तर तुम्ही भांडाल. पण फोडून, वाचून, पुन्हा होतं तसं चिकटवून ठेवलं आणि तुम्हाला कधी कळलंच नाही, तर कुणाशी भांडाल?

हा प्रश्न विचारताना भाऊ दोन्ही हात कळफलकावरून उचलून गुडघ्यांवर ठेवत. समोरचा "हवं तर ज्याचं त्यानं जपावं" म्हणाला, की त्यांचं ठरलेलं वाक्य येई. "ज्यानं काहीच नाई केलं, त्याचं काय? त्याचं सांग मले."

चंद्रपूरच्या ज्या संस्थेत आम्ही होतो, तिथे ऐंशीचं दशक संपता संपता एक संगणक आला. यंत्र एकच, त्याला पडदे सहा. दिवसातून दोनदा टेलिफोनच्या तारेवरून ते नागपूरच्या यंत्राशी बोले आणि पत्रांची देवाणघेवाण होई. ते चालवायचं काम भाऊंकडे. मूळचे नागभीडचे, आधी तार-ऑफिसात होते. गावातल्या प्रत्येक घरातलं लग्न आणि मरण त्यांना सगळ्यांच्या आधी कळलेलं, आणि कुणालाही त्यांच्या तोंडून कळलेलं नाही. मी त्याच खोलीत आरोग्य पाहणीचे तक्ते भरायचो आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचो. म्हणून माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही.

"का हो पत्रकवाले, आज कोनाले जाळून राह्यले?"

पत्रांचं सॉफ्टवेअर परदेशातल्या एका विद्यापीठाकडून टेपवर आलं होतं. फुकट, आणि आतून उघडं. ते कसं बनवलंय हे कुणीही वाचावं, बदलावं, प्रत काढून दुसऱ्याला द्यावी. मी तर हरखलोच. त्याच दुपारी 'ज्ञानाला कुलूप नको' असं पत्रक खरडून भाऊंपुढे टाकलं.

"शाबास," ते म्हणाले. "आता हे वाच."

सॉफ्टवेअरबरोबर मांडणीची एक फाईल होती. सुरुवातीला काय चालू असेल, काय बंद, ते तिच्यात लिहिलेलं. एका ओळीचा अर्थ असा होता, की आलेलं पत्र त्या यंत्रावर बसणारा कुणीही वाचू शकेल. ज्याला नको असेल त्याने आपल्यापुरतं ते बंद करून घ्यावं.

"मग घेतील की बंद करून. सोबत आलेल्या पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक कोनं वाचलं? तू वाचलं?"

मी वाचलं नव्हतं.

आमच्या मोठ्या बाबूंना मात्र ती ओळ फार आवडली. आमच्याकडे टपालाची रीतच तशी. पत्र साहेबाच्या नावाचं असो की शिपायाच्या, आधी बाबू फोडणार, वाचणार, त्यावर आवक क्रमांक टाकणार, मग ज्याचं त्याला देणार. यंत्रातल्या पत्रांनाही त्यांना क्रमांक टाकायचे होते. "न वाचता आवक कशी करू? काहीतरीच बोलता तुम्ही." चहाच्या टपरीवर हात वर करून मतं घेतली. ओळ आहे तशी ठेवावी, या बाजूला चार हात, विरुद्ध एकटे भाऊ. त्यातला एक माझा. लोकांपासून लपवायचंच कशाला, असं माझं तत्त्व.

भाऊ चिडले नाहीत. बशीतला चहा संपवून म्हणाले, "आमच्या विहारात वाचनालय हाये. कपाटाले कुलूप नाई, पुस्तक कोनीबी न्यावं. पन कोनं कोनतं पुस्तक नेलं, ते मी कोनाले सांगत नाई. सांगतलं असतं, तं अर्ध्या लोकायनं पुस्तकं नेलीच नसती."

मला तेव्हा हे पटलं नाही. मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही दोन्हीकडून बोलता."

"दोन गोष्टी हायेत म्हनून दोन्हीकून बोलतो."

पाहणीच्या कामावर एक नर्सबाई होती. जिवतीकडच्या टेकड्यांवरचे पाडे तिच्याकडे. ती स्वतः तशाच एका पाड्यात वाढलेली. पंधरा दिवसांतून एकदा एसटीने चंद्रपूरला यायची, तक्ते द्यायची आणि भाऊंनी शिकवलं तसं एका बोटाने, पाहणी ज्यांच्या हाताखाली चाले त्या नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना पत्र लिहायची. एका खेपेला तिने लिहिलं, की दोन पाड्यांतल्या पोरांना क्षयाची लस दिल्याची नोंद आहे, पण लस कुणी दिलेलीच नाही. नोंद करणारा होता तिचाच पर्यवेक्षक.

दोन दिवसांत उत्तर आलं. 'मी येते, पोरांची नावं तयार ठेव.' आणि खाली तिचं मूळ पत्र, शब्द न शब्द. ते तिच्या नावावर आमच्या यंत्रात पडून राहिलं. ती टेकडीवर, पत्र इथे उघडं. पर्यवेक्षक तक्ते तपासायला आला, रिकाम्या पडद्यावर बसला आणि वाचून गेला. डॉक्टरीणबाई पोचल्या तेव्हा लस मिळाल्याच्या कागदांवर आई-बापांचे अंगठे उठलेले होते. बाई खोटी ठरली. महिनाअखेरपर्यंत सिद्ध कर, नाहीतर काम सोड, असं तिला सांगण्यात आलं.

पुढच्या खेपेला ती आमच्या खोलीच्या दारात उभी राहिली. रडत नव्हती. "भाऊ, मी तं कोनालेच नाई सांगतलं."

"तू नाई, बाई. आमीच सांगतलं," भाऊ म्हणाले.

ते 'आमी' म्हणाले. हात वर केला होता मी.

त्याच सकाळी त्यांनी ती ओळ बदलली. आता प्रत्येक पत्र बंद. ज्याला उघडं हवं त्याने उघडावं. मग बाईने तिथेच बसून दुसरं पत्र लिहिलं. 'आधी कळवू नका. सरळ या. कागद नका पाहू, पोरांचे दंड पाहा.' उत्तर तिच्या नावावर येऊन पडलं, कुणाला न दिसता. मोठे बाबू संतापले. संचालकांनी भाऊंना बोलावून सांगितलं, आवक पूर्ण होईपर्यंत सगळी पत्रं उघडा.

"ज्याचं पत्र त्याले विचारतो. तो हो म्हनला तं उघडतो."

"हा हुकूम आहे."

"मी आयकलं, साहेब."

चार दिवस हे चाललं. संचालक रागवत, भाऊ "हो साहेब" म्हणत आणि ओळ तशीच ठेवत. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई चंद्रपूरला न थांबता थेट पाड्यावर गेल्या आणि पोरांच्या बाह्या वर केल्या. त्या लशीचा वण सहसा जन्मभर राहतो. एकाही पोराच्या दंडावर वण नव्हता. बाईचं काम राहिलं. भाऊंची नेमणूक तात्पुरती होती. ती पुढे वाढवली गेली नाही.

मधल्या काळात त्यांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लिहिलं होतं, की पत्रं मुळातच बंद ठेवून पाठवा. इंग्रजी माझं, मुद्दे त्यांचे. ते जायच्या आठवड्यात उत्तर आलं, फार सौजन्याचं. वापरणाऱ्यावर आपण काही लादू नये, ज्याला बंद हवं त्याला सोय दिलेलीच आहे. भाऊंनी ते दोनदा वाचलं. "मानूस चांगला हाये," ते म्हणाले. "फक्त जिवतीले आला नाई."

मग त्यांनी बदललेल्या ओळीसकट टेपच्या प्रती काढल्या, ज्या ज्या संस्थांनी मागितल्या होत्या त्यांना पाठवल्या आणि नागभीडची गाडी धरली. त्यांच्या खुर्चीवर आता दुसरा माणूस बसतो. पहिल्याच दिवशी त्याच्याकडून ती ओळ पुन्हा उलटी करून घेतली गेली. मी हरकत लिहून दिली. तिच्यावर आवक क्रमांक पडला.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. तुमच्या कचेरीत असं यंत्र आलं असेल, तर उद्या ते चालवणाऱ्याजवळ जाऊन बसा आणि मांडणीची फाईल उघडायला लावा. पत्रं बंद असतील, तर त्या ओळीला कुणाला हात लावू देऊ नका. उघडी असतील, तर उठायच्या आधी ती बंद करून घ्या. तुमच्यासाठी नव्हे. तुमच्या यंत्रावर एका बोटाने लिहिणारं जे कुणी असेल, त्याच्यासाठी.