धोंडूदादाच्या हातातला आंबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला पानाची चंचीसुद्धा लपवता येत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. पण एका माणसाचा आधार मी काढून घेतला, आणि तो कसा काढला हे फक्त मला माहीत आहे.

सत्याग्रहात शिरोड्याला लोक मीठ उचलायला गेले, त्याच्या आधीच्या एका हंगामातली गोष्ट. रत्नागिरीत बंदराजवळ अप्पासाहेबांची आंब्याची वखार होती. मी तिथं मुकादम. बागांतून आंबा यायचा, माणसं एकेक फळ हातात घेऊन फिरवून बघायची, डागी बाजूला काढायची, चांगलं पेंढ्यात लावायची. पेट्या आगबोटीनं मुंबईला जायच्या.

अप्पासाहेब — कसं सांगू? दिसायला देवमाणूस. सकाळी खांद्यावर हात ठेवून घरची चौकशी करायचे, आणि जे कळेल ते दुपारी चारचौघांत तुमच्याच अंगावर फेकायचे. कुणाची बायको माहेरी बसलीय, कुणाचा भाऊ पितो, सगळं त्यांच्या ध्यानात. एकाला चढवायचे ते दुसऱ्याला झोंबावं म्हणून. हात कधी उगारला नाही, गरजच पडली नाही. आणि आम्ही? त्यांच्या एका 'शाबास'साठी एकमेकांच्या चहाड्या करायचो. मग वड्याचं तेल वांग्यावर — भातात खडा लागला म्हणून मी घरी बायकोवर ओरडायचो. मी उंबऱ्यात पाय ठेवला की तिचं बोलणं थांबायचं.

एका धोंडूदादावर मात्र त्यांची मात्रा चालत नव्हती. दादा आरे गावचा, पन्नाशीचा. त्याचा एकुलता मुलगा बोटीवर खलाशी म्हणून गेला तो परत आलाच नाही. अप्पासाहेब नेमकं तिथंच बोट ठेवायचे. दादा खाली मान घालून आंबा फिरवत राहायचा. त्याच्या हाताचा वेगही बदलत नसे.

मी एकदा त्याला विचारलं, हे ऐकून घेतोस तरी कसं?

"त्यांचां बोलणां त्यांच्या तोंडात. माझ्या हातात आंबा हाय," तो म्हणाला. "मी त्याच्याकडं बघतंय. देठ बघतंय, वास घेतंय, एक दम घेतंय. मग दुसरा आंबा. तवर त्यांचां बोलून होता."

मीही करून पाहिलं. आधी जमेना, मग जमायला लागलं. घरी ओरडणं कमी झालं. एके दिवशी जेवताना बायको शेजारणीची नक्कल करून हसली, आणि मला भरून आलं. म्हणजे पाहा — दादाच्या त्या आंब्यात काय होतं, हे मला पुरतं कळलं होतं.

तरीही मी ते केलं.

एका दुपारी अप्पासाहेबांनी मला गादीवर शेजारी बसवलं. पन्हं दिलं. म्हणाले, "त्या धोंड्याला काही लागत कसं नाही रे? तुझं जमतं त्याच्याशी." अगदी मायेनं विचारलं. त्यांना काय हवंय हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. मी म्हणालो, हातात आंबा आहे तोवर त्याला काही लागायचं नाही. ते हसले. पाठीवर थाप मारून शाबास म्हणाले. त्या संध्याकाळी मी खुशीत घरी गेलो — हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाला बोलावलं. तुझं वय झालं, आजपासून आंब्याला हात लावायचा नाही, दारात उभं राहून नुसती देखरेख करायची, मजुरी तीच. सगळ्यांना वाटलं, दादाला बढती मिळाली. दादानंही हात जोडले.

मग अप्पासाहेब रोज दारात येऊ लागले. दादाची बोटं पंच्याचा काठ चाचपत राहायची. आठवडाभर तो टिकला असेल. मग एका दुपारी ते म्हणाले, "पोरगा जिवंत असेल रे. तूच नकोसा झाला असशील त्याला." दादा दारातच खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, सगळ्यांदेखत.

मी काय केलं? मी हातातल्या आंब्याकडं बघितलं. देठ बघितला, वास घेतला, एक दम घेतला. त्यानंच शिकवलेलं. आणि मला काही लागलं नाही.

दादा पुन्हा वखारीत आला नाही. हंगाम सरताना मी आऱ्याला गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. तो अंगणात बसला होता. हात मांडीवर उघडे. त्यानं विचारलं, "अप्पासाहेबांना कसां कळलां रे?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक, दादा."

त्यानं मान हलवली. निघताना आपल्या झाडाचा एक आंबा आणला, सवयीनं हातात फिरवून पाहिला, आणि मला दिला. "वाटेत खा. लांब जायचां हाय तुला."

त्या पावसाळ्यात तो गेला.

आंबा मी वाटेत खाल्ला. गोड होता.