जास्त नाही म्हणजे कमी

गणित विभागात तिला सगळे कानामात्राबाई म्हणत. एकतीस वर्षं तिने लोकांचे प्रबंध टाइप केले आणि एक वेलांटी इकडची तिकडे होऊ दिली नाही. गणित तिला ओ की ठो कळत नसे. पण वाक्य लंगडं असलं की तिच्या बोटांना कळे, आणि ती ते कुणाला न विचारता सरळ करी. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

एका सकाळी विभागप्रमुख सरांची एक विद्यार्थिनी तिच्या टेबलाशी येऊन बसली. व्याख्या आणि सिद्धांत जुळत नाहीत म्हणून परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला होता. सर म्हणाले होते, सहा महिने घे, पुन्हा बघ. परगावची नोकरी मात्र पुढच्या महिन्यात धरायची होती.

"चुकलंय काय, ते मला समजेल असं सांग."

मुलीने पट्टीच्या कडेला सहा टाचण्या ठेवल्या. "रेषेवर सहा ठिपके. रेषा सरकवली, ताणली तरी मांडणी तीच धरायची. अशा सगळ्या मांडण्यांचा एक नकाशा करायचाय. पण एकाच जागी चार ठिपके चढून बसले, तर मांडणी अस्थिर. ती नकाशातून बाद."

"आमच्या घरासारखं. माणसं सहा, आणि चौघं ओट्याशी."

"बरोबर तीन असतील तर अर्धस्थिर. ती ठेवायची. मग उरलेले तीन कसेही पांगलेले असोत, नकाशात त्यांची जागा तीन-तीनचीच."

"तिघांनी गट केला की बाकीच्यांचाही गटच धरतात. आमच्या जाऊबाई हे न शिकता करतात."

मुलगी हसली नाही. "माझ्या सिद्धांताला ते तीन-तीन लागतं, आणि व्याख्येत मीच ते बाद केलंय. 'एका जागी निम्म्याहून कमी.' असं कसं लिहिलं मी? सोडूनच द्यावं म्हणते, बाई."

ती गेल्यावर बाईने खालचा कप्पा उघडला. हस्तलिखितं ती कधी टाकत नसे. बाराव्या पानावर मुलीच्या अक्षरात होतं, 'निम्म्याहून जास्त नाहीत.' त्यावर पेन्सिलीची रेघ, आणि वर बाईच्याच वळणदार अक्षरात, 'कमी'. तिला आठवलं. नकार कशाला, सरळ लिहावं. जास्त नाही म्हणजे कमीच की. सहातले नेमके तीन तिच्या ध्यानातच आले नव्हते.

कप्पा बंद केला असता तर कुणी विचारणार नव्हतं. एकतीस वर्षांत कुणी हस्तलिखित मागितलं नव्हतं. ती पान घेऊन सरांकडे गेली.

"टंकलेखनात चूक झाली, असं कळवू," सर म्हणाले. "जाता जाता तुम्हाला कशाला मध्ये घ्यायचं?"

"बोट घसरलं तर वेलांटी जाते, सर. 'जास्त नाहीत'चं 'कमी' होत नाही. परीक्षकांना वाटेल, पोरीची चूक टायपिंगच्या माथी मारताय."

पत्र तिनेच टाइप केलं. मूळ वाक्य बरोबर होतं, ते मी न विचारता बदललं, असं लिहून खाली सही केली आणि ते पान जोडलं. तीन आठवड्यांत प्रबंध मान्य झाला. मुलगी नोकरीवर गेली.

निरोपाच्या दिवसाचं मानपत्र रीतीप्रमाणे टाइप करायला तिच्याकडेच आलं. 'त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही.' तिने ते दोनदा वाचलं आणि सरांच्या दारात उभी राहिली.

"एक वाक्य बदलायचंय. या वेळी विचारून बदलते."

"काय करायचंय?"

"'एकाहून जास्त चुका झाल्या नाहीत.'"

सरांनी मान वर केली. "ऐकायला जरा वाकडं वाटतं."

"वाटू दे," ती म्हणाली. "बरोबर आहे."